न काढलेल्या सीटीचा रिपोर्ट

माझा भाचा नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला नोकरीला आहे. दीड वर्षं त्याची कंबर दुखत होती, आणि दुखण्याची तऱ्हा उलटी होती. आपली कंबर काम करून दुखते आणि पडलं की बरं वाटतं. याची पहाटे ताठून जायची आणि तासभर हिंडलं-फिरलं की मोकळी व्हायची. आई म्हणाली गादी बदल, म्हणून त्याने गादी बदलली. मग खुर्ची बदलली. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला, आणि रिपोर्ट हातात पडल्यावर या पठ्ठ्याने मला रात्री साडेअकराला फोन केला.

"मावशी, अगं माझा सीटी काढलाच नाही. मी त्या ठकठक करणाऱ्या नळीत पडून होतो, बस्स. आणि रिपोर्टमध्ये लिहिलंय की सिंथेटिक सीटीवर सांध्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट लागला का मला?"

मला विचारायचं कारण म्हणजे माझी २८ वर्षं एमआरआयच्या खोलीबाहेर, काचेच्या अलीकडे गेली. जोडवी काढायला तयार नसलेल्या आजींची समजूत घालण्यात आणि निऱ्यांत लपलेल्या सेफ्टी पिना शोधण्यात त्यातली निम्मी गेली असतील. रिपोर्ट त्याचाच होता. पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. न काढलेला सीटी दिसतो कसा, आणि दिसला तरी त्यावर विश्वास का ठेवायचा?

सीटी म्हणजे आकड्यांची वही

सीटी स्कॅन हा एक्स-रेचा धाकटा भाऊ. राँटगेनला १८९५ मध्ये एक्स-रे सापडले. त्यानंतर पाऊणशे वर्षं आपण शरीराची नुसती सावली बघत होतो, पुढचं-मागचं एकावर एक पडलेली. गॉडफ्री हाउन्सफिल्ड या इंग्रज इंजिनिअरने सगळ्या बाजूंनी एक्स-रे सोडून, गणित करून शरीराचा आडवा काप दाखवला. पहिला रुग्ण लंडनमध्ये, १९७१ साली. १९७९ चं नोबेल त्याला आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळालं.

सीटीचं चित्र काळं-पांढरं दिसतं, पण मुळात ती आकड्यांची वही असते. शरीराच्या प्रत्येक बारीक ठिपक्याला एक आकडा: तिथे एक्स-रे किती अडला. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबीला उणे शंभरच्या आसपास, स्नायूला चाळीस-पन्नास. हाडाचं कठीण कवच हजाराच्या घरात, कधी त्याहून वर. या आकड्यांना हाउन्सफिल्डचंच नाव आहे. हाडात कॅल्शियम असतं, ते एक्स-रे अडवतं, म्हणून हाड लख्ख पांढरं दिसतं. हाडांच्या डॉक्टरांचा सीटीवर जीव आहे तो यामुळे. कडेला मिलिमीटरभर खड्डा असला तरी पांढऱ्यावर तो उठून दिसतो.

एमआरआयला हाड ऐकू येत नाही

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. असतं एक जबरदस्त चुंबक आणि रेडिओ लहरी. आपल्या अंगात पाणी आणि चरबी, म्हणजे हायड्रोजन, ठासून भरलेला आहे. चुंबकात हायड्रोजनचे अणुगर्भ एका ठरावीक सुराला प्रतिसाद देतात. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप. दीड टेस्लाच्या मशीनमध्ये हा सूर साधारण ६४ मेगाहर्ट्झ, तीन टेस्लाच्या मशीनमध्ये १२८ च्या आसपास. तुमचं एफएम रेडिओ ८८ ते १०८ मध्ये, बरोबर या दोन्हींच्या मधे येतं. म्हणूनच एमआरआयच्या खोलीला आतून तांब्याच्या पत्र्यासारखं अस्तर लावतात, बाहेरच्या लहरी आत येऊ नयेत म्हणून.

रेडिओ लहरीचा झटका दिला की अणुगर्भ उलट आवाज देतात, आणि मशीन तो ऐकतं. देवळातली घंटा डोळ्यापुढे आणा. घंटा मोकळी असेल तर वाजवल्यावर घुमत राहते. तीच हाताने घट्ट धरून वाजवली तर नुसतं ठक. द्रवातलं पाणी मोकळ्या घंटेसारखं, शेकडो मिलिसेकंद घुमणारं. स्नायूचा नाद तीस-चाळीस मिलिसेकंद टिकतो. हाडाच्या कठीण कवचातही थोडं पाणी असतं, पण ते जखडलेलं. त्याचा नाद अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत विरतो, आणि नेहमीच्या तपासणीत मशीन कान लावतं तेच मुळी त्यानंतर. ऐकायला काही उरलेलंच नसतं. म्हणून हाडाचं कवच एमआरआयवर काळं.

खरी पंचाईत पुढे आहे. हवेत घंटाच नाही, म्हणून हवाही काळी. हाडाला चिकटलेले अस्थिबंध आणि स्नायूंची टोकंही जवळपास काळीच. सीटीच्या वहीत हवा आणि हाड ही दोन टोकं, उणे हजार आणि अधिक हजार. एमआरआयमध्ये दोघांचा एकच रंग. कवचाच्या आत चरबी असलेली मज्जा उजळ दिसते, त्यामुळे हाड कळतं ते दोन उजळ पट्ट्यांमधली काळी रेघ म्हणून. ती रेघ एखाद्या ठिकाणी तुटली आहे की तिथे अस्थिबंध चिकटला आहे, हे ठरवताना चांगल्या चांगल्या रेडिओलॉजिस्टांची मतं जुळत नाहीत. हे मी त्यांच्या पाठीमागे उभं राहून ऐकलेलं आहे.

मोडीचं बालबोध करताना काय होतं

आता मुद्द्याचं. काळ्या रेघेतून हाउन्सफिल्डचे आकडे आणायचे कुठून?

भाच्याला मी मोडीचं उदाहरण दिलं, कारण त्याच्या आजोबांनी हौसेने मोडी शिकून घरातले जुने कागद वाचले होते. मोडीत इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत. दोन शब्दांत मोकळी जागाही सोडत नाहीत. आधी आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली एका दमात लिहीत सुटायचं. पण आजोबा तोच मजकूर बालबोधीत, म्हणजे देवनागरीत उतरवायचे तेव्हा 'दिन' कुठला आणि 'दीन' कुठला हे बरोबर लिहायचे. कागदावर तर तो फरक नव्हता. मग आला कुठून? मागच्या-पुढच्या मजकुरातून, आणि आधी वाचलेल्या शेकडो कागदांतून.

सिंथेटिक सीटी, म्हणजे एमआरआयवरून घडवलेला सीटी, तेच करतो. संगणकाला शिकवताना एकाच माणसाचा एमआरआय आणि खरा सीटी अशा जोड्या दाखवतात. दोन्ही चित्रं एकमेकांवर नेमकी बसवावी लागतात, आणि हे काम वाटतं त्याहून किचकट आहे, कारण माणूस दोन वेळा एकसारखा झोपत नाही. मग संगणक शिकतो: असा काळेपणा, आजूबाजूला अशी मज्जा, असा स्नायू, तर सीटीवर इथे नऊशे असतं, तसाच काळेपणा पण भोवती आतड्याचा वळसा, तर उणे हजार. एकट्या ठिपक्यावरून त्याला काहीच सांगता येणार नाही. शेजार बघून तो सांगतो.

त्यासाठी एमआरआयही थोडा वेगळा घेतात. युट्रेख्टच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधनातून निघालेल्या 'बोनएमआरआय' या पद्धतीत एका झटक्यानंतर एकापेक्षा जास्त वेळा कान लावतात, म्हणजे चरबी आणि पाणी यांचा फरक हाती लागतो. रुग्णाला यातलं काही कळत नाही. त्याच्यासाठी ती आणखी काही मिनिटांची ठकठक असते.

इथे एक गोंधळ मिटवून टाकते. काही ठिकाणी मशीन इतक्या लवकर कान लावतं की दाबलेल्या घंटेचं ते 'ठक'सुद्धा पकडतं. त्याला झीरो एको टाइम वगैरे नावं आहेत. चित्र उलटं केलं की हाड पांढरं दिसतं, अगदी सीटीसारखं. पण त्यात हाउन्सफिल्डचे आकडे नसतात, नुसता रंग सीटीसारखा असतो. दोन्हींना लोक सरसकट एकच नाव देतात. रिपोर्टमध्ये कुठलं आहे ते विचारून घ्यावं.

आधी कर्करोगाच्या उपचारात

हे तंत्र हाडांसाठी जन्मलेलं नाही. कर्करोगाला रेडिएशन देताना किरण वाटेत किती शोषले जातील याचा हिशेब करावा लागतो, आणि त्याला सीटीचे आकडे लागतात. पण प्रोस्टेटसारखी ग्रंथी नेमकी कुठे संपते हे एमआरआयवर जास्त चांगलं दिसतं. म्हणून दोन्ही काढायचे, एकमेकांवर बसवायचे, आणि बसवताना थोडी चूक ठरलेलीच. एमआरआयवरूनच आकडे काढले तर ही कटकट जाते, म्हणून तिथे हे आधी रुजलं.

मात्र तिथली कसोटी आणि इथली कसोटी यांत मोठा फरक आहे. किरणांच्या हिशेबात एका ठिपक्याला आकडा थोडा जास्त लागला, शेजारच्याला थोडा कमी, तर एकूण बेरीज जमून जाते. वाण्याच्या महिन्याच्या बिलासारखं. सांध्याच्या कडेवरचा एक खड्डा शोधताना सरासरी कामाची नाही. तो खड्डा तिथे आहे किंवा नाही. त्यामुळे 'हे तंत्र कर्करोगात वर्षानुवर्षं वापरतात' एवढं ऐकून हाडांच्या निदानात मान डोलवू नये. हे माझं मत आहे, आणि ते बरंच पक्कं आहे.

कण्याच्या तळाचा सांधा

भाच्याचा सांधा हा या तंत्राचा सगळ्यात चांगला अभ्यासलेला विषय. कण्याचं खालचं त्रिकोणी हाड दोन्ही बाजूंना कमरेच्या मोठ्या हाडांना जिथे भेटतं, तो सांधा. डॉक्टर त्याला एसआय जॉइंट म्हणतात. पाठीला, कमरेखाली दोन बाजूंना खळ्या पडतात ना, साधारण त्यांच्या आत.

तरुणपणी, बहुतेक पंचेचाळिशीच्या आत सुरू होणारा एक संधिवात याच सांध्यापासून डोकं वर काढतो. आपल्याकडे रिपोर्टवर ॲन्किलोजिंग स्पॉन्डिलायटिस असं लांबलचक नाव येतं. डच लोक त्याला बेख्तेरेव्हचा आजार म्हणतात. भाच्याने ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला कुठल्यातरी बुद्धिबळपटूचं वाटलं. सकाळी ताठणं आणि हिंडल्यावर मोकळं होणं ही त्याची खूण. निदानाला वर्षंच्या वर्षं लागतात, कारण तरुण माणसाची कंबर दुखली की सगळे गादीला दोष देतात.

या आजारात दोन गोष्टी बघायच्या असतात. एक, आत्ता जळतंय का, म्हणजे हाडाच्या मज्जेत सूज आहे का. ती एमआरआयवर दिसते, नेहमीच्या सीटीला तिचा पत्ता नसतो. दोन, आधी काय जळून गेलं. सांध्याच्या कडेला कुरतडल्यासारखे खड्डे, भोवतीचं हाड घट्ट होणं, आणि शेवटी सांधाच भरून जाऊन दोन हाडांचं एक होणं. हे सीटीवर उत्तम दिसतं. धूर एका खिडकीतून दिसतो आणि राख दुसऱ्या.

बेल्जियममधल्या घेंटच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या गटाने २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. या सांध्याच्या आजाराचा संशय असलेले ३० जण घेतले, त्यांचा एमआरआय काढला, खरा सीटीही काढला, आणि एमआरआयवरून सिंथेटिक सीटी घडवला. खऱ्या सीटीला न्यायाधीश मानलं. खड्डे ओळखण्यात सिंथेटिक सीटीची अचूकता ९४ टक्के, नेहमीच्या एमआरआयची ८६. हाड घट्ट होणं ओळखण्यात ९७ विरुद्ध ८१. सांधा भरून जाणं ओळखण्यात ९२ विरुद्ध ८४.

आकडे छानच आहेत. पण माणसं ३० आहेत हे विसरू नये. आणि खड्ड्यांचा ९४ टक्के म्हणजे शंभरातले सहा निर्णय खऱ्या सीटीशी जुळले नाहीत.

सांध्यापुढे ही वाट खुबा, कंबरेचे आणि मानेचे मणके इथपर्यंत गेली आहे. मणक्यात स्क्रू बसवायचा तर सर्जनला हाडाची जाडी मोजावी लागते, आणि शेजारची नसही दिसायला हवी. एकाच वेळी, एकाच अंगस्थितीत दोन्ही मिळाली तर त्याचं काम पुष्कळ सोपं होतं.

"म्हणजे अंदाजच की!"

भाच्याने फोनवर हेच म्हटलं. संगणकाने खड्डा कल्पनेने काढला असेल तर?

ही भीती खोटी नाही. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मुद्दाम एक प्रयोग करून दाखवला. मेंदूच्या एका प्रकारच्या एमआरआयवरून दुसऱ्या प्रकारचा घडवायला संगणकाला शिकवलं. शिकवताना फक्त गाठ नसलेली चित्रं वापरली, तर घडवलेल्या चित्रातून गाठ गायब झाली. फक्त गाठ असलेली वापरली, तर निरोगी मेंदूतही गाठ उगवली. चित्रं दिसायला झकास होती.

पुन्हा मोडीकडे या. एखाद्याने आयुष्यभर फक्त जमिनीच्या सनदा वाचल्या आहेत. त्याच्यापुढे कसरीने खाल्लेला वैद्याचा कागद आला, तर भोकाच्या जागी तो सनदेतला नेहमीचा शब्द भरणार. लबाडीने नाही, सवयीने. आणि अक्षर सुंदर असल्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही. सिंथेटिक सीटीचा खरा धोका हा आहे: चुकलेलं चित्रही चुकल्यासारखं दिसत नाही. एमआरआयमध्ये रुग्ण हलला तर चित्र फरकटतं, आम्हाला काचेपलीकडून लगेच कळतं, आम्ही पुन्हा काढतो. इथे फरकटलेल्या मूळ चित्रावर गुळगुळीत सीटी बसू शकतो.

म्हणून शिकवण्याची पद्धत महत्त्वाची. मॉन्ट्रियलच्या प्रयोगातल्या पद्धतीत संगणकाला घडवलेलं चित्र एकूण खऱ्यासारखं दिसेल एवढंच बघायचं होतं. हाडांच्या कामात त्याच माणसाच्या खऱ्या सीटीशी ठिपक्याला ठिपका ताडून शिकवतात. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. यावरचा उपाय साधा आहे आणि आजोबांनाही तो ठाऊक होता. बालबोधीतली प्रत कितीही स्वच्छ असली तरी शंका आली की मूळ मोडी कागद काढायचा. सिंथेटिक सीटीवर खड्डा दिसला तर त्याच जागी मूळ एमआरआयमध्ये ती काळी रेघ तुटली आहे का ते बघायचं.

"मग सरळ सीटीच काढा ना"

हा प्रश्न आपल्याकडचा, आणि तो योग्य आहे. सीटी आपल्याकडे एमआरआयपेक्षा स्वस्त आहे, जास्त गावांत आहे, आणि काही सेकंदांत होतो. मोटरसायकलवरून पडलेल्या माणसाला सिंथेटिक सीटीसाठी नळीत घालून बसणं मूर्खपणा ठरेल.

रेडिएशनचा बाऊही करू नये. जमिनीतून, हवेतून, आकाशातून येणारं नैसर्गिक रेडिएशन जगात माणशी वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असतं. कमरेच्या भागाचा नेहमीचा सीटी म्हणजे अशी दोन-तीन वर्षं एकदम. कमी मात्रेत काढला तर बराच कमी. एका सीटीचा धोका अगदी थोडा असतो. पण हा आजार विशीत-तिशीत लागतो आणि जन्माचा सोबती होतो. दर काही वर्षांनी बघायचं, तेही बीजांडकोश आणि वृषणांच्या शेजारी, तर जो सीटी टाळता येतो तो टाळावा.

माझं गणित असं: एमआरआय होणारच असेल, तर त्यातूनच हाडही वाचून घेणं हा फायदा. नुसत्या सिंथेटिक सीटीसाठी एमआरआय काढायला कुणी सांगितलं, तर दोन प्रश्न जास्त विचारावेत.

जिथे चालत नाही

अंगात स्क्रू किंवा प्लेट असेल तर धातूभोवतीचं एमआरआयचं चित्रच वाकडं होतं, त्यावर घडवलेल्या सीटीला अर्थ नाही. लहान मुलांची हाडं वाढीची असतात. मोठ्यांच्या चित्रांवर शिकलेल्या संगणकाला ती परकी. हाडाची गाठ, सांध्यात अडकलेला वायू, स्नायूत साचलेलं कॅल्शियम ही सगळी कसर लागलेल्या कागदाची ठिकाणं. हाडं ठिसूळ झाली का हे बघायलाही डेक्सा तपासणी आहे, तीच करावी. वहीतले आकडे इथे मोजलेले नसतात, ताडलेले असतात.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, "मग मी डॉक्टरला नक्की विचारू काय?" मी म्हटलं, एकच विचार. हे खड्डे मूळ एमआरआयवर दाखवा.

पुढच्या आठवड्यात तो गेला. डॉक्टरीणबाईंनी दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली आणि बाणाने एकेक जागा दाखवली. सिंथेटिक सीटीवर तीन खड्डे होते. दोन जागी मूळ चित्रातली रेघ तुटलेली होती, एकीशेजारी मज्जेत सूजही होती. तिसऱ्या जागी रेघ बारीक होती, पण सलग. बाईंनी वहीत दोन लिहिले.

"आणि तिसरा?" मी विचारलं.

"तिसऱ्याचं म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू. गोळ्या दोनसाठी पण त्याच आणि तीनसाठी पण त्याच. आणि मावशी, रोज पोहायला सांगितलंय. इथलं पाणी किती गार असतं माहितीये तुला?"